सक्रियतेच्या नकाशापासून जोडण्यांच्या मॉडेलपर्यंत: एफएमआरआय शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

एफएमआरआयचं, म्हणजे रक्तप्रवाहातल्या बदलांवरून मेंदूची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनचं, विश्लेषण शिकायला लागलं की काही महिन्यांत एक टप्पा येतो. एसपीएम या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर पारदर्शक मेंदू दिसत असतो, त्यावर तुमच्या काँट्रास्टचे, म्हणजे दोन स्थितींमधल्या फरकाचे, गडद डाग उमटलेले असतात, खाली टी-मूल्यांचा तक्ता असतो. काम जमलं म्हणून बरं वाटतं. मग मार्गदर्शक म्हणतात, "छान. आता याच डेटावर डीसीएम करून बघ." तिथून बहुतेकांची पंचाईत सुरू होते. नवी खिडकी, नव्या चौकटी, ए, बी, सी नावाची तीन कोष्टकं. आतापर्यंत शिकलेलं बाजूला ठेवून दुसऱ्याच विषयाला हात घातल्यासारखं वाटतं.

मला या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: विषय तोच आहे. जीएलएम (जनरल लिनियर मॉडेल), म्हणजे ज्यातून तो डागांचा नकाशा निघाला ते मॉडेल, हे डीसीएमचंच सर्वांत साधं रूप आहे; त्यात मेंदूच्या भागांमधल्या सगळ्या जोडण्या तोडलेल्या असतात, एवढाच फरक. हे डोक्यात बसलं की डीसीएमच्या चौकटींमध्ये काय भरायचं ते तुमच्या जुन्या डिझाइन मॅट्रिक्सकडे (प्रयोगातल्या स्थितींच्या रकान्यांच्या तक्त्याकडे) बघूनच ठरवता येतं. डीसीएम, म्हणजे डायनॅमिक कॉझल मॉडेलिंग, हे मेंदूचे भाग एकमेकांवर कसा प्रभाव टाकतात याचं मॉडेल; ते कार्ल फ्रिस्टन, ली हॅरिसन आणि विल पेनी यांनी २००३ साली मांडलं. त्या पहिल्याच निबंधात हे नातं सांगितलेलं आहे. शिकवताना मात्र ते बऱ्याचदा गाळलं जातं आणि विद्यार्थी बटणं पाठ करत बसतात.

आधी डेटा हातात घ्या

नुसतं वाचून हे कळत नाही, म्हणून एक डेटा घेऊन बसा. एसपीएमच्या संकेतस्थळावर "गतीकडे लक्ष" या प्रयोगाचा डेटा मोफत मिळतो. ख्रिश्चन ब्यूखेल आणि फ्रिस्टन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला तो आहे आणि जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये डीसीएमचे पहिले धडे त्याच्यावरच गिरवले जातात. एका व्यक्तीचे ३६० स्कॅन आहेत, टीआर (एका स्कॅनपासून पुढच्या स्कॅनपर्यंतचा वेळ) ३.२२ सेकंद, आणि हे ३६० स्कॅन म्हणजे ९० स्कॅनचे ४ तुकडे एकापुढे एक जोडलेले आहेत.

प्रयोग साधा आणि फार विचारपूर्वक रचलेला आहे. कधी पडद्यावर फक्त एक स्थिर बिंदू असतो. कधी पांढरे ठिपके दिसतात पण हलत नाहीत. कधी तेच ठिपके मध्यापासून बाहेरच्या दिशेने सरकत असतात आणि बघणाऱ्याने नुसतं बघायचं असतं. आणि कधी ठिपके तसेच सरकत असतात, पण बघणाऱ्याला सांगितलेलं असतं की वेग बदलतो का यावर लक्ष ठेव. खरं म्हणजे स्कॅनच्या वेळी वेग बदलत नव्हताच. म्हणजे शेवटच्या दोन स्थितींमध्ये डोळ्यांवर पडणारं चित्र एकसारखं. फरक फक्त लक्ष देण्याचा. त्यामुळे मेंदूत या दोन स्थितींमध्ये जो फरक दिसेल तो पडद्यावरून आलेला नाही, आतूनच कुठून तरी आलेला आहे. तो कुठून, कोणत्या वाटेने आला, हाच जोडण्यांचा प्रश्न.

पायरी १: जीएलएम काय गृहीत धरतो ते ओळखा

जीएलएममध्ये प्रत्येक व्हॉक्सेलची, म्हणजे स्कॅनमधल्या मेंदूच्या प्रत्येक छोट्या ठोकळ्याची, कालमालिका घेऊन ती डिझाइन मॅट्रिक्सच्या रकान्यांमध्ये वाटली जाते. कोणत्या रकान्याच्या वाट्याला किती आलं ते बीटा सांगतो. हजारो व्हॉक्सेल असतात आणि प्रत्येकाचं गणित स्वतंत्र होतं. शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय याचा कुणालाच पत्ता नसतो. प्रयोगातल्या घटना रक्तप्रवाहाच्या ठरावीक प्रतिसादाशी, म्हणजे एचआरएफशी, कॉन्व्हॉल्व्ह करून (प्रत्येक घटनेवर तो प्रतिसाद चढवून) हे रकाने तयार केलेले असतात. हा प्रतिसाद उद्दीपनानंतर साधारण ५ ते ६ सेकंदांनी शिखर गाठतो.

यात एक गृहीतक लपलेलं आहे, जे कुणी मोठ्याने बोलत नाही: पडद्यावरच्या ठिपक्यांचा परिणाम प्रत्येक व्हॉक्सेलवर थेट होतो. पॅरायटल कॉर्टेक्समध्ये डोळ्यातून सरळ काही पोचत नाही हे आपल्याला माहीत असतं, पण जीएलएमच्या समीकरणाला ते माहीत नसतं.

कालव्याच्या गावातल्या माणसाला हे पटकन कळेल. आवर्तन सुटलं की कोणत्या शेतात ओल किती वाढली हे जीएलएम अचूक मोजून देतो. पण प्रत्येक शेताचा हिशेब तो असा करतो, जणू प्रत्येकावर स्वतंत्र पाऊस पडला. डीसीएम म्हणतं, हे पाटाचं पाणी आहे: ते एका ठिकाणी सोडलं, चाऱ्यांमधून पुढे गेलं, आणि मध्ये पाटकऱ्याने कुठलं तरी दार जास्त उघडलं म्हणून अमुक शेत जास्त भिजलं. ओल मोजणारं यंत्र दोन्हीकडे तेच असतं. आणि पाणी सोडल्यापासून जमीन भिजून वापसा यायला जसा वेळ लागतो, तसा चेतापेशींच्या हालचालीपासून बोल्ड संकेतापर्यंत, म्हणजे स्कॅनर टिपतो त्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या संकेतापर्यंत, रक्तप्रवाहाचा वेळ लागतो. ही संथ पायरी दोन्ही मॉडेलांना सांभाळावी लागते.

डीसीएमचं समीकरण शब्दांत असं: एखाद्या भागातली चेतापेशींची हालचाल ज्या वेगाने बदलते, त्यात तीन वाटेकरी असतात. पहिला, बाकीच्या भागांकडून नेहमीच्या जोडण्यांतून येणारा प्रभाव. हे ए कोष्टक. दुसरा, प्रयोगातल्या एखाद्या स्थितीमुळे त्या जोडण्यांच्या ताकदीत होणारा बदल, हे बी. तिसरा, उद्दीपनाचा थेट धक्का, हे सी. यातून निघालेली हालचाल मग रक्तप्रवाहाच्या बलून मॉडेलमधून जाते आणि बोल्ड संकेताचं भाकीत तयार होतं.

आता कागदावर एक गोष्ट करून बघा. ए मधल्या भागा-भागांमधल्या सगळ्या जोडण्या शून्य करा. बी पूर्ण शून्य करा. सी मध्ये प्रत्येक उद्दीपन प्रत्येक भागाला जोडा. काय उरलं? प्रत्येक भाग एकटा. उद्दीपन आलं की त्याची हालचाल वर जाते, गेलं की स्वतःच्या गतीने विरते, आणि वर रक्तप्रवाहाचा संथ प्रतिसाद. हा जवळजवळ तुमचाच कॉन्व्हॉल्व्ह केलेला रकाना झाला, आणि सी मधला आकडा हा तुमचा बीटा. एसपीएम१२ मध्ये भागाच्या स्वतःच्या विरण्याचा गृहीत वेग ०.५ हर्ट्झ असतो, म्हणजे हालचाल सुमारे १.४ सेकंदांत निम्मी होते. बोल्डच्या संथपणापुढे हे फारच थोडं, म्हणून जीएलएमने ते सोडून दिलं तरी त्याचं फारसं बिघडत नाही.

पायरी २: तेच डिझाइन डीसीएमच्या भाषेत लिहा

नवखे सगळ्यात जास्त इथे चुकतात, म्हणून इथे थोडं थांबू.

सक्रियतेसाठी आपण सहसा एका स्थितीला एक रकाना देतो: स्थिर ठिपके, लक्षाविना गती, लक्षासह गती. डीसीएमला हे गैरसोयीचं आहे, कारण त्याला घटक वेगळे लागतात: काय डोळ्यांवर आदळलं, काय हललं, आणि लक्ष होतं का. म्हणून तीन नवे रकाने करायचे. "दृश्य" हा तिन्ही स्थितींमध्ये १. "गती" हा शेवटच्या दोन स्थितींमध्ये १. "लक्ष" हा फक्त शेवटच्या स्थितीत १. म्हणजे स्थिर ठिपक्यांच्या काळात ओळ वाचायची १, ०, ०. लक्षाविना गतीत १, १, ०. लक्षासह गतीत १, १, १. फक्त बिंदू असताना सगळीकडे शून्य.

हे दोन जीएलएम वेगळे दिसले तरी डेटाला अगदी सारखेच बसतात, कारण नवे रकाने जुन्यांच्या बेरजांमधूनच झालेले आहेत. बदलतो फक्त बीटाचा अर्थ. समजण्यासाठी आकडे घेऊ. समजा व्ही-५ या गती ओळखणाऱ्या भागात जुने बीटा असे आले: स्थिर ०.५, लक्षाविना गती १.५, लक्षासह गती १.९. नव्या मांडणीत तेच होतील: दृश्य ०.५, गती १.०, लक्ष ०.४. उलट बेरीज करून बघा. ०.५ अधिक १.० म्हणजे १.५, त्यात ०.४ मिळवले की १.९. जुन्या मांडणीत तुम्ही "लक्षासह वजा लक्षाविना" असा काँट्रास्ट लावत होता, तो आता एकाच रकान्याच्या बीटात येऊन बसला.

दोन्ही जीएलएम खरोखर चालवा. जुन्यात काँट्रास्ट शून्य, वजा एक, अधिक एक. नव्यात शून्य, शून्य, एक. दोन्हींचा टी-नकाशा एकच आला पाहिजे. आला नाही तर रकाने जोडताना काहीतरी चुकलंय, आणि ती चूक पुढे डीसीएममध्ये गेली की कुणाच्याच लक्षात येणार नाही. मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही तुलना करायला लावते आणि दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी दाखवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

आणखी दोन बारकावे. डीसीएमला जे उद्दीपन जातं ते एचआरएफ लावण्याआधीचं असतं, चौकोनी पायऱ्यांसारखं, आणि टीआरपेक्षा बारीक काळात कापलेलं; एसपीएम मुळात एका टीआरचे १६ तुकडे करतो, म्हणजे या डेटात सुमारे ०.२ सेकंदांचा एक. दुसरं, तुकडे जोडून एकच लांब मालिका केली असेल तर प्रत्येक तुकड्याची स्वतःची पातळी वेगळी रकान्यात द्यावी लागते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी हे रकाने घालायला विसरले होते. मालिकेत प्रत्येक सांध्यावर एक पायरी तयार झाली होती आणि मॉडेल इमानदारीने त्या पायऱ्या जोडण्यांमधून समजावून सांगायचा प्रयत्न करत होतं. आलेले आकडे इतके गुळगुळीत आणि पटण्याजोगे होते की दोन आठवडे मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. शेवटी कच्ची मालिका पडद्यावर काढली तेव्हा पहिल्या नजरेत पायऱ्या दिसल्या. तेव्हापासून माझा नियम आहे: मॉडेल बांधायच्या आधी मालिका डोळ्यांनी बघायची.

पायरी ३: भाग निवडा आणि मालिका काढा

डीसीएम सगळ्या मेंदूवर सहसा चालवत नाहीत. थोडे भाग निवडतात. निवडीचा आधार सक्रियतेचा नकाशाच. नियम सोपा आहे: जो परिणाम समजावून सांगायचा आहे तो त्या भागांमध्ये दिसला पाहिजे. इथे तीन भाग पुरतात. व्ही-१, म्हणजे प्राथमिक दृष्टिक्षेत्र, जिथे "दृश्य"चा बीटा ठळक असतो. व्ही-५, जिथे "गती"चा असतो आणि "लक्ष"चाही. आणि पॅरायटल कॉर्टेक्सचा वरचा भाग, एसपीसी, जिथे "लक्ष"चा असतो.

व्ही-५ मध्ये "लक्ष"चा बीटा दिसलाच नाही तर? मग लक्षामुळे व्ही-५ कडे येणारी जोडणी बदलते का, हा प्रश्न डीसीएमला विचारण्यात फारसा अर्थ राहत नाही. समजावून सांगण्यासारखा फरकच डेटात नसेल तर मॉडेल तो कुठून आणणार? दोन विरुद्ध बदल एकमेकांना खाऊन टाकू शकतात हे तत्त्वतः खरं आहे, पण पहिल्या डीसीएमची मदार त्यावर ठेवू नका.

अनेक व्यक्तींचा अभ्यास असेल तर प्रत्येक व्यक्तीचं नकाशातलं शिखर थोडं इकडे-तिकडे असतं. म्हणून गटाच्या शिखरापासून सुरुवात करून त्या व्यक्तीचं जवळचं शिखर शोधायचं आणि त्याभोवती ८ मिलिमीटर त्रिज्येचा गोल घ्यायचा. इथे उंबरठा सैल ठेवला, अगदी अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती न करता पी-मूल्य ०.०५, तरी चालतो. पुष्कळांना हे खटकतं. पण आपण या पायरीला काही सिद्ध करत नसतो. गोंगाट कमी असलेले व्हॉक्सेल निवडून त्यांची मालिका काढत असतो. सिद्ध करण्याचं काम गटाच्या नकाशात होऊन गेलेलं आहे.

मालिका काढताना एसपीएम विचारतो की कोणत्या काँट्रास्टने डेटा जुळवून घ्यायचा. इथे तुमच्या सगळ्या प्रायोगिक रकान्यांचा एफ-काँट्रास्ट (सगळे रकाने एकत्र धरणारा) द्यायचा. त्याने प्रयोगाशी संबंध असलेलं सगळं शिल्लक राहतं आणि डोकं हलण्याचे रकाने, तुकड्यांच्या पातळ्या वगैरे वजा होतात. "जुळवू नका" निवडलंत तर हा सगळा कचरा मॉडेलमध्ये जातो. उलट फक्त "लक्ष"चा काँट्रास्ट दिलात तर "दृश्य" आणि "गती"ही वजा होऊन बसतात आणि व्ही-१ ची मालिका मुकी होते. गोलातल्या व्हॉक्सेलची साधी सरासरी न घेता पहिला आयगनव्हेरिएट घेतात. म्हणजे त्या व्हॉक्सेलमध्ये जो चढउतार सर्वांत जास्त सामायिक आहे तो.

एक शंका इथे हमखास येते: सक्रिय म्हणून निवडलेल्या भागांवरच मॉडेल चालवणं ही चक्राकार मांडणी नाही का? निवडीसाठी वापरलेला परिणाम "सापडला" म्हणून पुन्हा जाहीर केलात तर ती चक्राकार मांडणी होते, तसं करू नका. पण डीसीएममध्ये आपण त्याच मालिकांसाठी दोन स्पष्टीकरणांची तुलना करतो, आणि निवडीने दोघांना सारखाच फायदा दिलेला असतो. यातूनच एक कडक अट निघते: तुलनेतली सगळी मॉडेलं त्याच भागांच्या त्याच मालिकांवर हवीत. तीन भागांचं मॉडेल चार भागांच्या मॉडेलशी तोलता येत नाही, कारण दोघांनी समजावलेला डेटाच वेगळा असतो.

पायरी ४: मधला पूल, पीपीआय

डीसीएमला थेट हात घालण्याआधी पीपीआय (सायकोफिजिऑलॉजिकल इंटरॅक्शन) करून बघा. ते १९९७ पासून आहे आणि ते निव्वळ जीएलएमच आहे, म्हणून पाय जमिनीवर राहतात. प्रश्न असा: व्ही-१ ची हालचाल एक एककाने वाढली की व्ही-५ ची किती वाढते? हा उतार लक्ष असताना जास्त चढा होतो का?

रकाने तीन लागतात: व्ही-१ ची मालिका, स्थितीचा रकाना (लक्षासह वजा लक्षाविना), आणि दोघांचा गुणाकार. पहिले दोन न घालता फक्त गुणाकार घातला तर जो बीटा येतो तो सक्रियतेचा आहे की जोडणीचा ते सांगता येत नाही. गुणाकारही थेट बोल्ड मालिकेवर करत नाहीत. आधी डीकॉन्व्हॉल्व्ह करून, म्हणजे एचआरएफचा परिणाम उलटा काढून, चेतापेशींच्या हालचालीचा अंदाज काढतात, तिथे गुणाकार करतात आणि मग परत एचआरएफ लावतात. कारण मेंदूत जे घडतं ते रक्तप्रवाहाच्या आधी घडतं.

सक्रियता आणि जोडणी यांतला फरक पीपीआयमध्ये डोळ्यांनी दिसतो. आडव्या अक्षावर व्ही-१, उभ्या अक्षावर व्ही-५ घेऊन स्कॅनचे ठिपके दोन रंगांत काढा. एका रंगाचा सगळा थवा नुसता वर उचलला गेला असेल आणि रेषा समांतर असतील, तर तो सक्रियतेतला फरक. रेषांचा कोन बदलला असेल तर तो जोडणीतला. हे चित्र मी वर्गात फळ्यावर काढते तेव्हा निम्म्या शंका तिथेच मिटतात.

पीपीआयची मर्यादाही याच चित्रात आहे. उतार बदलला म्हणजे व्ही-१ नेच व्ही-५ ला जास्त ढकललं असं सिद्ध होत नाही. दोघांना तिसरा कुणी ढकलत असेल. दिशा सांगायला डीसीएम लागतं, आणि तेही फक्त तुम्ही पुढे ठेवलेल्या पर्यायांपैकी कोणता बरा एवढंच सांगतं.

पायरी ५: कोणता बीटा कोणत्या कोष्टकात

आता मुख्य काम. प्रत्येक नव्या रकान्याला विचारा: हा पाणी सोडतो, की दार उघडतो?

"दृश्य" पाणी सोडतो. तो सी मध्ये, आणि फक्त व्ही-१ वर. इथेच जीएलएमपासून आपण दूर गेलो: तिथे "दृश्य"ला तिन्ही भागांत स्वतंत्र बीटा होता, इथे व्ही-५ आणि एसपीसीमध्ये जे दिसतं ते व्ही-१ कडूनच पोचलं पाहिजे. ए मध्ये व्ही-१ आणि व्ही-५ दोन्ही दिशांनी जोडा, व्ही-५ आणि एसपीसी दोन्ही दिशांनी जोडा. "गती" दार उघडते: ठिपके हलले की व्ही-१ कडून व्ही-५ कडे जाणारी वाट जास्त मोकळी होते, म्हणून ती बी मध्ये, व्ही-१ ते व्ही-५ वर.

राहिलं "लक्ष". व्ही-५ मधल्या त्या ०.४ चं काय? दोन गोष्टी शक्य आहेत. एक, लक्ष दिल्यावर व्ही-१ ते व्ही-५ ही पुढे जाणारी वाट आणखी मोकळी होते. दोन, एसपीसीकडून व्ही-५ कडे मागे येणारी वाट मोकळी होते. ही दोन मॉडेलं बांधायची, बाकी सगळं सारखं ठेवून फक्त बी मधली एक खूण हलवायची.

इथे दोन मिनिटं थांबून विचार करा, कारण सगळा मुद्दा इथे आहे. जीएलएमसाठी ०.४ हे उत्तर होतं. डीसीएमसाठी ०.४ हा प्रश्न आहे. दोन्ही मॉडेलं सरासरीने तेवढीच वाढ देऊ शकतात, म्हणजे सक्रियतेच्या नकाशावरून त्यांच्यात निवड करणं अशक्य आहे. फरक पडतो तो क्षणाक्षणाच्या चढउतारात: पहिल्या गोष्टीत व्ही-५ ची जादा हालचाल व्ही-१ च्या मागोमाग जाते, दुसरीत एसपीसीच्या. बीटा काढताना ही माहिती सरासरीत विरघळून जाते; मालिकेत ती शिल्लक असते.

खिडकीत एक छोटा प्रश्न येतो: उद्दीपनं मध्यावर आणायची का, म्हणजे त्यांची सरासरी वजा करायची का? "हो" म्हटलंत तर ए मधले आकडे म्हणजे सगळ्या प्रयोगातली सरासरी जोडणी. "नाही" म्हटलंत तर ए म्हणजे उद्दीपनं शून्य असतानाची जोडणी. जीएलएममध्ये रकाना मध्यावर आणल्यावर स्थिरांकाचा अर्थ जसा बदलतो, अगदी तसंच. कोणतंही निवडा, पण लिहून ठेवा.

पायरी ६: तपासणी, परत जीएलएमकडे

मॉडेल चालल्यावर आकड्यांकडे धावू नका. आधी बघा की मॉडेलने मालिकेतला किती टक्के चढउतार पकडला. १० टक्क्यांच्या खाली असेल तर त्या व्यक्तीच्या बाबतीत काहीतरी बिनसलंय असं समजण्याचा प्रघात आहे. बहुतेक वेळा कारण डीसीएममध्ये नसतं. मागे पायरी २ किंवा ३ मध्ये असतं.

मग मी एक तपासणी करते जी पाठ्यक्रमात सहसा नसते. डीसीएमच्या फाइलमध्ये मॉडेलने भाकीत केलेली मालिका साठवलेली असते. व्ही-५ ची ती मालिका घ्या आणि तिच्यावर पायरी २ मधला नवा जीएलएम चालवा. दृश्य, गती, लक्ष यांचे बीटा खऱ्या डेटाच्या बीटांच्या जवळपास आले पाहिजेत. "लक्ष"चा बीटा ०.४ ऐवजी ०.०५ आला, तर तुमच्या मॉडेलने तो परिणाम समजावलेलाच नाही, आणि मग दोन मॉडेलांपैकी कोणतं जिंकलं याला काही किंमत नाही. या एका कृतीत दोन्ही विश्लेषणं समोरासमोर बसतात.

तुलना मॉडेलच्या पुराव्याने होते, ज्यात डेटाशी जुळणं आणि मॉडेलचा गुंतागुंतीचा भार दोन्ही तोलले जातात. लॉग-पुराव्यात ३ चा फरक म्हणजे साधारण २० पट. एवढा असला की एका व्यक्तीपुरतं मॉडेल निवडायला हरकत नसते.

पायरी ७: आकडे वाचताना

डीसीएममधल्या जोडण्यांचं एकक हर्ट्झ आहे, बोल्डचे टक्के नाहीत. त्यामुळे बी मधला ०.३ आणि जीएलएममधला ०.४ एकमेकांशी तोलू नका.

स्वतःकडे जाणारी जोडणी फसवी असते. एसपीएम१२ मध्ये तिचा आकडा लॉग मोजपट्टीवर छापला जातो: ० म्हणजे वजा ०.५ हर्ट्झ, आणि ०.३ म्हणजे सुमारे वजा ०.६७ हर्ट्झ. म्हणजे आकडा वाढला की भाग जास्त दाबला जातो, येणाऱ्या प्रभावाला कमी दाद देतो. "धन आकडा आला, म्हणजे सक्रियता वाढली" असं लिहिलेले कच्चे मसुदे मी अनेकदा परत पाठवले आहेत. बाकीच्या जोडण्यांत ऋण आकडा म्हणजे एका भागाची हालचाल वाढली की दुसऱ्याची घटते; त्यावरून तिथे निरोधक चेतासंधी आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही.

आणि शब्द जपून वापरा. विश्रांतीच्या स्थितीतला नुसता सहसंबंध, जो भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दोन्ही बाजूंच्या मोटर कॉर्टेक्समध्ये दाखवला, ती फंक्शनल कनेक्टिव्हिटी. एका भागाचा दुसऱ्यावरचा दिशादर्शक प्रभाव, मॉडेल धरून काढलेला, ती इफेक्टिव्ह कनेक्टिव्हिटी. मराठीत दोन्हींना "जोडणी" म्हणतो तेव्हा कोणती ते एकदा तरी सांगायला हवं.

पायरी ८: एकावरून अनेकांकडे

गटाच्या पातळीवर पोचलात की ओळखीचा चेहरा पुन्हा भेटतो. सक्रियतेत आपण प्रत्येक व्यक्तीचा काँट्रास्ट वर नेऊन दुसऱ्या पातळीचा जीएलएम करतो. डीसीएममध्ये पीईबी (पॅरामेट्रिक एम्पिरिकल बेज) तेच करतं: प्रत्येक व्यक्तीच्या जोडणीचा आकडा वर नेतं आणि त्यावर जीएलएम बसवतं. पहिला रकाना सगळे १, म्हणजे गटाची सरासरी; दुसरा रकाना रुग्ण की निरोगी, किंवा वय, मध्यावर आणलेलं. फरक इतकाच की पीईबी प्रत्येक व्यक्तीच्या आकड्याबरोबर तो किती अनिश्चित आहे हेही वर नेतं. त्यामुळे ज्याचा डेटा खराब त्याचं वजन आपोआप कमी होतं. सक्रियतेच्या नेहमीच्या दुसऱ्या पातळीत फक्त काँट्रास्टचा आकडा जातो, त्याची अनिश्चितता खालीच राहते.

निष्कर्ष लिहिताना वाक्यांचा क्रम विश्लेषणाच्या क्रमाने ठेवा. आधी: लक्ष दिल्यावर व्ही-५ ची सक्रियता वाढली, हा जीएलएमचा दावा, टी-मूल्यासह. मग: तुलना केलेल्या दोन मॉडेलांपैकी या वाढीचं स्पष्टीकरण अमुक वाटेच्या बदलाने जास्त चांगलं होतं, हा डीसीएमचा दावा, लॉग-पुराव्याच्या फरकासह. "तुलना केलेल्या दोन मॉडेलांपैकी" हे शब्द परीक्षक जागा कमी करायला सांगतील तेव्हाही काढू नका. आणि पुरवणीत पायरी ६ मधला तक्ता द्या: एका रकान्यात खऱ्या मालिकेचे बीटा, शेजारी मॉडेलच्या मालिकेचे, प्रत्येक भागासाठी तीन ओळी.